हात थांबत नाही

९ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसात जे घडतं ते तक्रारींच्या यादीत लिहावं लागतं, नंबर घालून. त्या यादीत जे बसत नाही ते कुठे लिहायचं, म्हणून आज इथल्याच, कायानी शहराच्या बाजारातून ही वही आणली.

आज आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती यंत्रांवर गेली. एकसष्ट हार्वेस्टर. उसाचे नव्हेत, झाडांचे. उभा पाइन धरायचा, बुंध्याशी कापायचा, आडवा करून फांद्या सोलायच्या आणि ओंडके पाडायचे, हे सगळं एकटं यंत्र करतं. त्याच्या केबिनमधला कॉम्प्युटर आमच्या कंपनीचा, आणि त्या कॉम्प्युटरमधलं, यंत्राचा दहा मीटर लांब हात हलवणारं काम माझं.

चिपमध्ये सहा कोअर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे सहा मेंदू. शून्य ते तीन लहान, कमी वीज खाणारे. चार आणि पाच मोठे, वेगवान. आजवर हाताचं काम मी पाच नंबरच्या कोअरला खिळा ठोकून बांधून ठेवलं होतं. पण जुलैच्या उन्हात नकाशे आणि कॅमेरेही मोठ्या कोअरवर येऊन बसले, चिप तापली, आणि तीन यंत्रं भर जंगलात बंद पडली. म्हणून मी खिळा काढला. आता कुठला कोअर मोकळा आहे हे ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः बघेल आणि हाताचं काम तिकडे देईल. ते काम असतं तरी केवढं? दर दहा मिलिसेकंदांनी उठायचं, जॉयस्टिक कुठे वळलीय ते बघायचं, तेलाच्या व्हॉल्व्हला सांगायचं, परत झोपायचं.

इल्का, माझा साहेब, म्हणाला, "अकरा दिवस तपासलं, एक चूक नाही. आता तरी हस."

हसले. घरी येऊन नोंदी पुन्हा उघडून पाहिल्या. ते दर वेळीच होतं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

गावी, सोत्कामोला आईकडे. सॉना, मग बटाट्याची रिएस्का भाकरी आणि कॉफी. एस्को होता. तो आईजवळच राहतो. माझा भाऊ, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा, आणि बत्तीस वर्षं हार्वेस्टर चालवतोय. त्याच्या यंत्रावरही नवी आवृत्ती गेलीय.

"काय गं इंजिनीअरबाई," म्हणाला, "काय घातलंस त्यात? हात हलका वाटतो."

"चांगलं की वाईट?"

"हलका म्हणालो. चांगला म्हणालो नाही."

आई हसली. मला झोंबलं, उगाच.

नऊ वर्षांपूर्वी एस्को दारू पिऊन गाडी चालवताना सापडला. परवाना गेला, मग बायको सोडून गेली. तेव्हापासून थेंब घेतलेला नाही असं तो म्हणतो. आईही म्हणते. मी काही म्हणत नाही. पण त्याच्या जवळून जाताना अजून नकळत श्वास ओढून वास घेते.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी एस्कोचा फोन. पिर्त्तिवारा टेकडीमागे काम चाललंय. काल हात एकदा वेळेवर थांबला नाही म्हणतो. जॉयस्टिक सोडली, तरी हात हातभर पुढे गेला.

"थंडीत तेल घट्ट होतं," मी म्हणाले.

"तेल घट्ट झालं तर हात उशिरा निघेल बाई, उशिरा थांबणार कसा?"

"एकदाच ना?"

"एकदाच."

बघते म्हणाले. बघायचं राहिलं. टायर बदलून घ्यायचे आहेत.

२२ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा एस्को, आणि मी बैठकीत. बाहेर येऊन फोन घेतला तो चिडूनच. म्हणे पुन्हा झालं, या वेळी दोनदा. टेकडीमागेच.

बैठकीत परत जायच्या आधी त्याच्या यंत्राची नोंद उघडून पाहिली. हाताचं काम प्रत्येक वेळी एका मिलिसेकंदाच्या आत पुरं झालेलं. स्वच्छ. तसं त्याला सांगितलं.

"मग मी काय खोटं बोलतोय?"

"तसं नाही म्हटलं मी. एस्को, झोप होते ना तुझी?"

तो म्हणाला, "होते." आणि फोन ठेवला.

यादीत नोंद केली नाही. घरच्या माणसाची तक्रार, पुरावा नाही, लोक हसतील. दिवसभर वाईट वाटत होतं. पण मी विचारलं त्यात गैर काय होतं?

१२ डिसेंबर, मंगळवार

एस्कोच्या यंत्राच्या हाताने एक बाई जखमी झाली.

तिचं नाव मारित. एस्कोने पाडलेले ओंडके उचलून रस्त्यापर्यंत नेणारी गाडी ती चालवते. टेकडीमागे फोन लागत नाही, म्हणून काहीतरी विचारायला ती गाडी घेऊन जवळ आली. नियमाने यायला नको होतं, पण सगळेच येतात. एस्कोने तिला पाहिलं, हात वळवून बाजूला थांबवायला गेला, आणि हात थांबला नाही. हाताच्या टोकाचं, झाड धरून कापणारं आठशे किलोचं डोकं तिच्या केबिनच्या दारावर आदळलं. गळ्याचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या.

जिवंत आहे. हे तीन वेळा लिहावंसं वाटतंय.

पोलिसांनी एस्कोला तिथेच फुंकायला लावलं. शून्य.

१३ डिसेंबर, बुधवार

इल्काने केबिनमध्ये बोलावलं. यंत्राची नोंद तपासायची आहे आणि हाताचं काम माझ्याइतकं कोणाला येत नाही.

"तो माझा भाऊ आहे," मी म्हणाले.

"कायानीत कोण कोणाचं कोण नसतं? तू आकडे बघ. आकड्यांना भाऊ नसतो."

बघितले. अकरा वाजून सात मिनिटं, अपघाताचा क्षण. आधीचा सेकंद, नंतरचा सेकंद. प्रत्येक वेळी काम एका मिलिसेकंदाच्या आत. कुठे डाग नाही.

मला सुटल्यासारखं वाटलं. हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठेच लिहिता येणार नाही. माझ्या सख्ख्या भावावर सगळं येणार हे कळून माझे खांदे सैल झाले.

१५ डिसेंबर, शुक्रवार

कामगार सुरक्षा खात्याची निरीक्षक आली होती. शांत बाई, सगळं हाताने लिहून घेते. कंपनीतर्फे मी. एस्को समोर बसला होता, यंत्राचा मालक केंपाइनेन त्याच्या शेजारी. केंपाइनेनने त्याला घरी बसवलं आहे, निकाल लागेपर्यंत.

निरीक्षकबाईंनी विचारलं, काय झालं?

"जॉयस्टिक सोडली. हात थांबला नाही."

"याआधी असं कधी झालं होतं?"

एस्कोने माझ्याकडे पाहिलंही नाही. खिडकीकडे बघत म्हणाला, "आठवत नाही."

"कोणाला कळवलं होतंत?"

"नाही."

मी टेबलाखाली हाताची बोटं मोडत होते. फोन केले होतेस की तू! दोनदा! आठवत नाही म्हणजे? ज्याचं डोकं ताळ्यावर असतं त्याला तीन आठवड्यांपूर्वीचं आठवतं. तो काहीतरी लपवतोय. काय लपवतोय ते मला ठाऊक आहे. रात्रीची घेतलेली सकाळी फुंकण्यात येत नाही, पण झोप तर उडवते.

मीही काही बोलले नाही. त्यालाच आठवत नसेल तर मी कशाला आठवण करून द्यायची?

१७ डिसेंबर, रविवार

आईकडे. एस्को बर्फात भोक पाडून मासे धरायला तळ्यावर गेला होता. मी लाकडाच्या खोपीत शिरले. रचलेल्या लाकडांच्या मागे, जुन्या स्लेजच्या खाली, रंगाच्या डब्यांमध्ये, सगळीकडे पाहिलं. मग सॉनाच्या बाकांखाली. मग, लाज वाटते लिहायला, त्याच्या पलंगाखाली.

दारात आई उभी होती. ब्याऐंशी वर्षांची, काठी टेकून.

"सापडलं का?"

"काय?"

"जे शोधतेयस ते."

"नाही."

"मी दर महिन्याला शोधते," आई म्हणाली. "नऊ वर्षं. मलाही नाही सापडलं." मग वळून जाता जाता, "तू त्याला काही विचारलंस का गं, का नुसतीच शोधतेयस?"

विचारलं नाही. तो चार पर्च मासे घेऊन आला, साफ केले, मला दोन बांधून दिले. आम्ही हवेबद्दल बोललो.

२७ डिसेंबर, बुधवार

मारितला भेटायला गेले. कंपनीतर्फे फुलं, आणि माझ्यातर्फे र्‌योंत्तोनेन, म्हणजे बेरीचं सारण भरलेली छोटी पोळी; तिला लिंगोनबेरीची आवडते असं कळलं म्हणून. चाळीस-बेचाळीसची असेल, हात छातीशी बांधलेला, बोलणं फटकळ.

"फुलं ठेव तिकडे. खायचं आण इकडे."

मी म्हणाले, मी कंपनीत असते. एस्कोची बहीण हे सांगितलं नाही. आडनाव वेगळं आहे.

"एस्कोला घरी बसवून ठेवलंय म्हणे?" ती म्हणाली. "मूर्ख आहेत सगळे. तो महिनाभर ओरडत होता, हात थांबत नाही म्हणून. त्या टेकडीमागेच. मी म्हटलं, अरे कंपनीला कळव. म्हणाला, कळवलंय."

"कोणाला कळवलं ते सांगितलं का?"

"नाही. अपघातानंतर इस्पितळात आला, रडला, आणि म्हणाला, मारित, ते मी कळवल्याचं कोणाला बोलू नकोस. आता मी तुला बोलले. बरगडी मोडली की तोंड सैल सुटतं माझं." हसायला गेली आणि कळवळली.

परतताना गाडीत विचार करत होते, तो असं का म्हणाला असेल? लाज वाटत असेल, आपलं कोणी ऐकलं नाही याची. तो तसाच आहे पहिल्यापासून.

पण एक गोष्ट आता डोक्यातून जात नाही. महिनाभर. टेकडीमागेच. पिणारा माणूस एकाच टेकडीमागे पीत नाही.

४ जानेवारी, गुरुवार

आमची नोंद काय मोजते ते पुन्हा वाचलं. मीच लिहिलेलं, सहा वर्षांपूर्वी. हाताचं काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत किती वेळ लागला ते मोजते. सुरू व्हायलाच किती उशीर झाला, ते कुठेच मोजत नाही.

म्हणजे कामगार चार तास उशिरा आला, पण आल्यावर काम झटपट केलं, तर वहीत लिहायचं: उत्तम.

आणि व्हॉल्व्हचं मला पाठ आहे. नवा आदेश आला नाही तर तो आधीचाच आदेश अर्धा सेकंद धरून ठेवतो.

११ जानेवारी, गुरुवार

आठवडाभर प्रयोगशाळेत त्याच कॉम्प्युटरवर, त्याच आवृत्तीवर. उशीर मोजणारी नवी नोंद घातली. काम किती वाजता उठायला हवं होतं, किती वाजता उठलं, कोणत्या कोअरवर. गोठणपेटीत घालून उणे तीसपर्यंत नेलं. कॅमेरे लावले, नकाशे लावले, सगळे कोअर दमवले.

एक कोटीच्या वर फेऱ्या. सर्वांत मोठा उशीर अर्ध्या मिलिसेकंदाचा.

काही नाही. इल्का दारातून डोकावून म्हणाला, "अजून शोधतेयस? निरीक्षकबाईंचा अहवाल महिनाअखेर जाईल. ऑपरेटरची चूक म्हणूनच जाईल बहुतेक."

चूक सापडावी असं वाटतं आणि सापडू नये असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं. सापडली तर मी एका बाईची हाडं मोडली. नाही सापडली तर माझ्या भावाने.

१५ जानेवारी, सोमवार

केंपाइनेनला फोन करून यंत्र मागितलं. त्याच जागी, आसपास कोणी नाही अशा वेळी, करवतीची साखळी काढून. तो तयार झाला. म्हणाला, "चालवणार कोण? नवा माणूस तुझ्या त्या यंत्राला हात लावायला तयार नाही."

एस्कोला विचारायला गेले. तो आईच्या दारातला बर्फ ओढत होता.

"उद्या टेकडीवर येशील? यंत्र चालवायला."

"मला बसवलंय."

"केंपाइनेनची परवानगी आहे. मला मोजायचंय."

"मोजलंस ना? स्वच्छ निघालं ना?"

"चुकीचं मोजलं होतं."

फावडं थांबलं. "सोडून दे ताइना. अहवाल जाऊ दे. निवृत्तीला माझी दोन वर्षं राहिलीत, मी दुसरं काहीतरी करीन. तुझी पंधरा राहिलीत."

"याचा माझ्या वर्षांशी काय संबंध?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी सहा वर्षांची आहे. "सकाळी आठला निघू," म्हणाला. "गरम मोजे घाल. तुझे ते ऑफिसचे नकोत."

१६ जानेवारी, मंगळवार

उणे सत्तावीस. केबिनमध्ये एकच खुर्ची, मी मागे दाराशी लॅपटॉप मांडीवर घेऊन टेकले. एस्कोचा जॉयस्टिकवरचा हात मी कधी एवढ्या जवळून पाहिला नव्हता. बत्तीस वर्षांचा हात. यंत्राचं टोक बर्फात खोचलेल्या काठीजवळ न्यायचा, सोडायचा. टोक काठीपासून वीतभर थांबायचं. दर वेळी तेवढंच.

दोन तास. काही नाही. माझ्या पडद्यावर उशीर शून्य, शून्य, शून्य.

"कॉफी पिऊ," एस्को म्हणाला.

"आणखी दहा."

त्यातली सातवी असेल. माझ्या खिशातला फोन एकदम वाजायला लागला. टुंग, टुंग, टुंग. सकाळपासून अडकलेले निरोप. आणि त्याच वेळी एस्को ओरडला, "हे बघ! हे बघ!"

त्याचे दोन्ही हात हवेत होते. जॉयस्टिक सोडलेली. यंत्राचा हात पुढे निघाला होता. काठी काडीसारखी मोडली, तरी तो दीड मीटर पुढे गेला आणि मग थांबला.

पडद्यावर: उशीर ४१० मिलिसेकंद. कोअर ३.

"फोन वाजला तेव्हा," मी म्हणाले. फोनवरची वेळ पडद्यावरच्या वेळेशी ताडून पाहिली. "एस्को, तेव्हाही इथे नेटवर्क येत-जात होतं?"

"टेकडीमागे कधी असतं, कधी नसतं. वारा फिरला की येतं."

दुपारपर्यंत आणखी दोनदा झालं. दोन्ही वेळा आधी माझा फोन वाजला. शेवटच्या वेळी एस्कोने फक्त इंजिन बंद केलं आणि हातमोजे चढवत बसून राहिला. मी म्हणाले, "तू बरोबर होतास."

"ते मला माहीत होतं," म्हणाला. "आता काय करणार आहेस?"

१७ जानेवारी, बुधवार

आता सगळं दिसतंय, आणि इतकं साधं आहे की लाज वाटते.

नेटवर्क गेलं की यंत्र तोडलेल्या झाडांचा हिशोब साठवून ठेवतं. आलं की सगळा एकदम पाठवतं. तेव्हा मोडेम, म्हणजे नेटवर्कशी बोलणारा भाग, प्रोसेसरला हाका मारत सुटतो, एका सेकंदात हजारो. त्या सगळ्या हाका तीन नंबरच्या कोअरवर येतात. कोअर जे करत असेल ते टाकून हाकेला ओ देतो, पुन्हा हाक, पुन्हा ओ. पण हाकांना ओ देण्यात गेलेला वेळ आमच्या मांडणीत कामात धरलाच जात नाही. म्हणून वाटप करणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला तीन नंबर दिसतो रिकामा. सहांत सर्वांत रिकामा. ती हाताचं काम उचलते आणि नेमकी तिथेच नेऊन ठेवते. तिथे ते रांगेत उभं राहतं, आणि वर व्हॉल्व्ह जुनाच आदेश धरून बसतो.

प्रयोगशाळेत नेटवर्क कधी जातच नाही. छतावर अँटेना आहे.

खिळा पाच नंबरला होता तेव्हा हे होऊच शकत नव्हतं. खिळा मी काढला.

१८ जानेवारी, गुरुवार

इल्काला सांगितलं. त्याने आकडे शेवटपर्यंत वाचले. वाईट माणूस नाही तो.

"दुरुस्ती किती दिवसांत?"

"हाताचं काम परत बांधायचं, मोडेमच्या हाका दुसरीकडे वळवायच्या, आदेश आला नाही तर व्हॉल्व्हने लगेच सोडायचं. आठवड्यात होईल."

"मग पुढच्या आवृत्तीत घालू. गुपचूप. यंत्रं सुरक्षित होतील, महत्त्वाचं तेच ना?"

"आणि अहवाल?"

"अहवालात लिहिलेलं आहेच की, ती बाई जवळ यायला नको होती. एस्कोला शिक्षा होणार नाहीये, नुसता ठपका. ताइना, इथे चाळीस माणसं काम करतात."

मी म्हणाले, विचार करते. विचार करते म्हणाले! दुरुस्तीला आठवडा, आणि तोवर एकसष्ट यंत्रं चालूच.

आणि इल्काला अजून ते फोन माहीत नाहीत. तीन नोव्हेंबर, बावीस नोव्हेंबर. ते तीनच माणसांना माहीत आहेत, एस्कोला, मला आणि अर्धं मारितला. ते न सांगताही यंत्रातली चूक सांगता येते. मग ती फक्त चूक राहील. कोणाकडूनही होते तशी.

२३ जानेवारी, मंगळवार

शुक्रवारी सकाळी सातला इल्काला एका ओळीत कळवलं की आज यंत्रं थांबवली नाहीत तर मी थांबवते. त्याने थांबवली. तेवढं त्याच्या बाजूने लिहायलाच हवं.

आज निरीक्षकबाईंना पत्र पाठवलं. चार पानं. उशिराचे आकडे, तीन नंबरचा कोअर, नोंद चुकीचं मोजत होती ते. चौथ्या पानावर: ऑपरेटरने मला दोनदा फोन करून हा दोष कळवला होता. मी नोंद केली नाही. मी त्याला विचारलं की तुझी झोप होते ना. तो माझा भाऊ आहे.

बटण दाबल्यावर संडासात जाऊन बसले, वीस मिनिटं.

३० जानेवारी, मंगळवार

वाटलं होतं, एस्को फोन करील. चांगलं काहीतरी बोलेल. तो थेट ऑफिसच्या आवारात आला, टोपी हातात, कान लाल.

"चौथं पान कशाला लिहिलंस?"

"खरं होतं म्हणून."

"मी त्या निरीक्षकबाईसमोर सांगितलं, आठवत नाही. कोणाला कळवलं नाही. सही केली त्यावर! आज बोलावून विचारलं तिने, तुम्ही खोटं का बोललात? आता काय सांगू? नऊ वर्षं मी एक खोटं बोललो नाही, ताइना. आईला सुद्धा. एक बोललो, तेही तू पकडून दिलंस."

"पण तू बोललासच का?"

तो हळू म्हणाला, "त्या खोलीत कंपनीतर्फे तू बसली होतीस. मी म्हटलं असतं, बहिणीला दोनदा सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत तुझी नोकरी गेली असती. एवढं कळत नाही? आणि म्हणे प्रोसेसर कळतो."

पंधरा डिसेंबरचं पान आता उघडून वाचलं. तो काहीतरी लपवतोय. काय लपवतोय ते मला ठाऊक आहे. असं लिहिलंय मी. माझ्याच अक्षरात.

त्याला तिथेच सांगितलं, खोपीत बाटल्या शोधल्या होत्या. पलंगाखालीही.

"माहीत आहे," म्हणाला. "लाकडं उलटी रचलीस." टोपी घातली आणि गेला.

८ फेब्रुवारी, गुरुवार

अहवाल आला. दोष यंत्राच्या नियंत्रणाचा, तपासणी अपुरी, कळवलेली तक्रार नोंदवली गेली नाही. एस्कोवर ठपका नाही. माहिती दडवली म्हणून एक कोरडं वाक्य आहे. केंपाइनेनने त्याला परत बोलावलं, यंत्र दुरुस्त झालं की लगेच. हाताचं काम माझ्याकडून काढून घेतलं आहे, वर्षभर तरी. इल्का म्हणाला, नोकरी आहे, खुर्ची नाही. ठीक आहे. मी एकेका यंत्रावर जाऊन दुरुस्ती चढवतेय, हाताने, त्या त्या ऑपरेटरच्या समोर उभं राहून. चव्वेचाळीस झाली. काही जण बोलतात, काही कॉफी देतात. एकाने दोन्ही केलं.

४ मार्च, सोमवार

पिर्त्तिवारा. एस्कोचं यंत्र शेवटून दुसरं. मुद्दाम मागे ठेवलं होतं, असं वाटतं. आमचं बोलणं अजून जेवणापुरतंच आहे.

दुरुस्ती चढवून झाली तोवर मारितची गाडी आली. आज तिचा पहिला दिवस. शंभर मीटरवर थांबली, इंजिन चालू, पुढे येईना. डिसेंबरपासूनचे ओंडके पडून होते, नेणारी तिथेच उभी. एस्कोने यंत्राचा हात जमिनीवर टेकवला, दार उघडलं आणि वाट बघत बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

मी चालत तिच्याकडे गेले. तिने खिडकी खाली केली.

"र्‌योंत्तोनेनवाली," म्हणाली. "तूच ती बहीण. अहवाल वाचला मी."

"हो. तेव्हा सांगायला हवं होतं."

"हं." ती पुढे बघत होती. "आता थांबतो म्हणे?"

"थांबतो."

"तू म्हणतेस."

"मी म्हणते."

तिने इंजिन बंद केलं आणि खाली उतरली, खांदा सांभाळत. "मग तू बस माझ्या जागी. यंत्राचा हात टेकलेला आहे तोवर मी नेऊन उभी करते गाडी, जिथे त्या दिवशी होती तिथे. तू बस. मी परत इथे येऊन बघते."

एस्कोला कळलं तेव्हा त्याने रेडिओवर शिव्या घातल्या, दोघींना. नियम सांगितला. मारित म्हणाली, नियम तिलाही पाठ आहे, पण नियमाने तिची भीती जात नाही. शेवटी त्याने साखळी काढली आणि माझ्या दारापासून दोन मीटरवर बर्फात काठी खोचली. मग वर चढला.

मी मारितच्या खुर्चीत बसले. दार नवं होतं, रबराचा वास येत होता. काचेतून यंत्राचं डोकं आलं, काठीशी थांबलं, गेलं. पुन्हा आलं. माझा फोन समोर ठेवला होता, नेटवर्क कधी येतं ते कळायला. चौदाव्या फेरीला वाजला, टुंग टुंग टुंग. मी डोळे मिटले. तीन नंबर, मी म्हणत होते, तीन नंबरवर नाही, तिथे नाही आता. डोळे उघडले. डोकं काठीपासून वीतभर थांबलेलं, हलकं डुलत होतं. काचेपलीकडे एस्कोचा चेहरा दिसत होता. माझ्याहून पांढरा.

तो थांबला नाही. मीही थांब म्हटलं नाही. नेटवर्क सहा वेळा आलं. फेऱ्या मोजायच्या म्हणून मोजल्या, एकशे बारा. घामाने आतला सदरा ओला झाला होता, बाहेर उणे अकरा.

मग दार उघडलं गेलं. मारित पायरीवर उभी होती.

"उतर आता," म्हणाली. "मला काम आहे."